अचानक रिस्टार्ट होणारा पीसी: लॉग वाचत बसायचं की वायरी उपटायच्या?

पीसी चांगला चालू असतो, तुम्ही काहीतरी टाईप करताय, आणि टक् करून स्क्रीन काळी होऊन थेट मदरबोर्डाचा लोगो. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. आणि तुम्हाला संशय आहे की मागे पुढे जे काय काय खुपसून ठेवलंय त्यातलंच कोणतरी हे करतंय. इथपर्यंत आलेल्या माणसापुढे साधारण दोन रस्ते असतात. एक म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडून लॉग, म्हणजे त्या नोंदी, आणि डंप, म्हणजे क्रॅश होताना विंडोजने टाकलेली फाईल, वाचायचे, दुसरा म्हणजे सगळ्या वायरी काढायच्या आणि एकेक परत लावत बघायचं. तिसरा पण आहे, "एसएमपीएस बदलून टाक" (एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज देणारा डबा) किंवा "फॉरमॅट मार", पण तो मी इथे धरत नाहीये कारण त्यात निदान काहीच नाही, लागलं तर लागलं.

मी दोन्ही रस्ते पूर्ण चालून बघितलेत, एकाच पीसीवर, एकाच दुखण्यासाठी. त्यामुळे जे सांगतोय ते एका मशीनवरचं आहे हे आधीच कबूल. तुमचं वेगळं निघू शकतं.

आधी लॉगची बाजू, कारण सुरुवात मी पण तिथूनच केली. लॉगचं मोठं सुख म्हणजे खुर्चीवरून उठावं लागत नाही. आणि काही गोष्टी तो खरंच पाच मिनिटात निकालात काढतो. उदाहरणार्थ १०७४ नंबरचा इव्हेंट दिसला तर रिस्टार्ट कोणत्यातरी प्रोग्रॅमने रीतसर मागून घेतलेला असतो, बहुतेकदा अपडेटने, आणि तिथे नावासकट लिहिलेलं असतं. म्हणजे तुमच्या प्रिंटरचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. निळी स्क्रीन येऊन गेली असेल पण ऑटोमॅटिक रिस्टार्टची टिक चालू असल्यामुळे तुम्हाला दिसलीच नसेल, तर विंडोजच्या फोल्डरमधे मिनीडंप पडलेला असतो आणि ४१ नंबरच्या इव्हेंटच्या डिटेल्समधे बगचेक कोड, म्हणजे निळी स्क्रीन कशामुळे आली त्याचा नंबर, असतो. १५९ असेल तर कोणतातरी ड्रायव्हर (वस्तू चालवणारा छोटा प्रोग्रॅम) पीसी झोपेत जाताना किंवा उठताना अडकलाय, ३२४ असेल तर युएसबी ३ च्या बाजूची भानगड, २९२ असेल तर हार्डवेअरनेच तक्रार केलीये. (हे आकडे तिथे दशमानात दिसतात, निळ्या स्क्रीनवर तेच हेक्समधे, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, असतात, त्यामुळे सर्च करताना घोळ होतो, आधी कॅल्क्युलेटरमधे बदलून घ्या.)

लॉगने काम होतं याचा पुरावा पण आहे माझ्याकडे. एका मित्राचा लॅपटॉप झाकण उघडलं की थोड्या वेळाने रिस्टार्ट व्हायचा. कोड १५९, डंप उघडला तर थेट युएसबीवरच्या नेटवर्क डोंगलच्या ड्रायव्हरचं नाव. डोंगल काढला, नवा ड्रायव्हर टाकला, विषय संपला. दहा मिनिटं लागली असतील. वायरी उपटत बसलो असतो तर आठवडा गेला असता हे मान्य करायला हवं. एवढंच की डंपमधे जर कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, स्वतःच्या फाईलचं नाव येत असेल तर त्याला गुन्हेगार समजू नका, पडताना तो जवळ उभा होता इतकाच त्याचा अर्थ.

आता माझ्या पीसीचं. मला रोज, म्हणजे साधारण दोन दिवसातून एकदा, जे दिसायचं ते असं: कर्नल पॉवर, ४१, सिस्टीम नीट बंद न होता परत चालू झाली. बगचेक कोड शून्य. बस. पुढच्या वेळी परत तेच, शून्य. त्याच्या पुढच्या वेळी परत शून्य. अहो सिस्टीम नीट बंद झाली नाही हे मला माहितीये, मी समोर बसलो होतो, माझंच अर्ध टाईप केलेलं गेलं! हा जो प्रकार आहे ना, की यंत्र तुम्हाला तुमचीच तक्रार गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवतं, यानेच माझा लॉगवरचा विश्वास उडाला. तीन आठवडे मी प्रत्येक रिस्टार्टनंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडायचो, तो लोड होईपर्यंत थांबायचो, आणि तेच एक वाक्य.

आणि नुसतं तेवढंच असतं तरी ठीक होतं. त्याच्या आजूबाजूला पिवळ्या लाल खुणांची जत्रा असते. १००१६ नंबरची डीकॉमची (विंडोजमधल्या प्रोग्रॅमांच्या आपसातल्या बोलण्याची) वॉर्निंग बघून मी दोन संध्याकाळी परमिशन बदलण्यात घालवल्या, नंतर वाचलं की ती दुर्लक्ष करण्यासारखी आहे असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. निरोगी पीसीवर पण त्या रोज पडतात. रिस्टार्टच्या आधी जे काही पडलेलं दिसेल ते कारण वाटायला लागतं, हा लॉग वाचण्यातला सगळ्यात मोठा सापळा. शिवाय ४१ हा इव्हेंट लिहिला जातो तो पीसी परत चालू झाल्यावर, म्हणजे त्याची वेळ ही रिस्टार्टनंतरची. आधीची वेळ ६००८ नंबरच्या इव्हेंटच्या मजकुरात असते आणि ती पण अंदाजेच. मी पहिले काही दिवस चुकीच्याच मिनिटाभोवती शोधत होतो.

शून्य का येतो हे कळल्यावर मात्र राग थोडा शांत झाला. एसएमपीएस बोर्डाला एक सिग्नल देत असतो की वीज ठीकठाक आहे, पॉवर गुड म्हणतात त्याला. व्होल्टेज क्षणभर जरी दबलं आणि तो सिग्नल पडला की बोर्ड प्रोसेसरला तिथल्या तिथे रिसेट करतं. विंडोजला लिहायला वेळच मिळत नाही. लिनक्सवर पण हेच, मागच्या बूटचं जर्नल (तिथला लॉग) उघडलं की शेवटची ओळ कुठेतरी भलत्याच कामावर येऊन तुटलेली असते. म्हणजे विजेच्या बाजूने झालेला रिस्टार्ट लॉगमधे सापडणार नाही हे जवळपास ठरलेलंच, आणि बाहेरून लावलेल्या वस्तूंचा त्रास बऱ्याचदा विजेचाच असतो. तर शून्य म्हणजे "माहिती नाही" असं न समजता "इथे शोधू नकोस, खाली वाक आणि वायरी बघ" असं समजावं, असं आता मला वाटतं.

तर वायरी. याचा त्रास आधीच सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. वेळ लागतो आणि गैरसोय होते. प्रिंटर नाही, हेडसेट नाही, आणि वर वाट बघायची. आणि किती वाट बघायची हा खरा प्रश्न आहे, बहुतेक लोक इथेच फसतात. एक दिवस शांत गेला की "सापडलं!" म्हणून मोकळे होतात. सरासरी दोन दिवसातून एकदा रिस्टार्ट होत असेल तर त्याच्या तिप्पट, म्हणजे सहा दिवस शांत गेले पाहिजेत, तेव्हा कुठे तो नुसता योगायोग असण्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते. हे गणित रिस्टार्ट अगदी कधीही येत असेल असं धरून आहे, पण अंदाजाला पुरतं.

एकेक काढण्यापेक्षा अर्धे अर्धे काढा. माझ्याकडे कीबोर्ड माऊस सोडून आठ वस्तू होत्या: प्रिंटर, बाहेरची हार्डडिस्क, स्पीकर, कार्ड रीडर, वेबकॅम, हेडसेट, वायफायचा डोंगल, गेमपॅड. आठातला एक शोधायला अर्ध्या अर्ध्याने तीन फेऱ्या पुरतात, एकेक करत गेलात तर सात होऊ शकतात. फक्त यात एक मेख आहे. दोष एका वस्तूचा नसून सगळ्यांच्या एकत्र भाराचा असेल तर कुठलाही अर्धा भाग काढला तरी सगळं शांत होतं आणि आपण गोंधळतो. युएसबी २ च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअर आणि ३ च्या पोर्टला ९०० असा हिशेब असतो, आणि बाहेरची फिरती हार्डडिस्क सुरू होताना चांगलाच घास घेते, त्यात ती बिनअडॅप्टरच्या हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) बाकीच्यांसोबत असेल तर बघायलाच नको. दोन्ही अर्धे वेगवेगळे शांत आणि एकत्र लावले की रिस्टार्ट, असं दिसलं तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. पण घेतल्यावर एकदा पीसीची मेन वायर काढून हबचा अडॅप्टर चालू ठेवून बघा, कॅबिनेटवरचा किंवा कीबोर्डचा लाईट तरीही मिणमिणत असेल तर तो हब उलटी वीज पीसीत ढकलतोय, तो परत करा, एक दुखणं काढून दुसरं घरात नको.

अजून एक, फेरी बदलताना शटडाऊन करून परत चालू करू नका, रिस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमधे कर्नल पूर्ण बंद होत नाही, गोठवून ठेवतात, आणि जुन्या वस्तूचा ड्रायव्हर तसाच उठून बसतो. आणि वही ठेवा. साधी कागदाची. तारीख, काय लावलं होतं, आणि रिस्टार्ट झाला त्या क्षणी तुम्ही हाताने काय करत होता. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं निघालं माझ्या बाबतीत.

पहिल्या फेरीत प्रिंटर, डिस्क, स्पीकर, कार्ड रीडर काढले, दुसऱ्याच दिवशी रिस्टार्ट. म्हणजे हे चौघे सुटले. मग वेबकॅम आणि हेडसेट काढले, सहा दिवस शांत. हेडसेट परत लावला, परत सहा दिवस शांत. राहिला वेबकॅम. मी खूश, नवीन वेबकॅम बघायला पण लागलो होतो, मग सहज म्हणून जुना, जो इतके दिवस कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या पोर्टला होता, तो मागच्या पोर्टला लावून बघितला तर तो तिथे पण शांत! आठवडा गेला, काही नाही. तेव्हा वही काढून नीट वाचली तर पाच रिस्टार्टपैकी तीन वेळा मीच लिहून ठेवलं होतं, "ड्रॉवर बंद केला". लिहिताना एकदाही डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

मोबाईलचा टॉर्च लावून पुढच्या पोर्टमधे बघितलं. आत जी प्लास्टिकची जीभ असते ती मुळाशी तडकून एका बाजूला कलली होती, आणि चार सोनेरी पट्ट्यांपैकी कडेची एक बाहेरच्या पत्र्याला जवळपास टेकली होती. वेबकॅमची वायर टेबलाखाली ड्रॉवरच्या मागून जात होती. ड्रॉवर ढकलला की वायर ओढली जाणार, पिन हलणार, पट्टी पत्र्याला शिवणार, आणि पाच व्होल्टची लाईन थेट ग्राउंडला. बोर्डावर फ्यूज असतो, पण तो गरम होऊन काम करणारा, त्याला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात व्होल्टेज दबून रिसेट होऊन जातं. खात्री करायला सगळं सेव्ह करून एक जुना पेन ड्राईव्ह त्यात घातला आणि हळूच डावीकडे दाबला. टक्. लोगो.

यात वायरीवाल्या पद्धतीची पण एक चूक दिसते, ती सांगून टाकतो. वस्तू काढली आणि त्रास थांबला म्हणजे वस्तूच वाईट असं नाही, वस्तू, वायर आणि पोर्ट तिघं एकदम गेलेले असतात. म्हणून संशयित सापडला की तो दुसऱ्या पोर्टला लावून बघितल्याशिवाय फेकू नका. मी थोडक्यात वाचलो.

मग काय निवडायचं? निळी स्क्रीन दिसत असेल, मिनीडंप पडत असेल, किंवा रिस्टार्ट नेमका झोपेतून उठताना होत असेल तर लॉगच आधी, त्यात वाद नाही. एकदा, फार तर दोनदा लॉग बघाच, १०७४ नाही ना आणि कोड शून्य आहे ना एवढ्यापुरता तरी. बोर्ड चालू होतानाच युएसबी ओव्हर करंट म्हणून ओरडून १५ सेकंदात बंद होत असेल तर लॉगकडे जायचीच गरज नाही. आणि लागोपाठ दोनदा ४१ आणि शून्य दिसलं तर माझं ऐकाल तर तिसऱ्यांदा तो उघडू नका. ज्यांच्याकडे कामाचा एकच पीसी आहे त्यांना दोन आठवडे अर्ध्या वस्तूंवर काढणं जड जाईल हे कळतं मला, पण ते दोन आठवडे कुठेतरी पोचतात. माझे लॉगमधले तीन कुठेच पोचले नव्हते.

पुढच्या पोर्टची वायर आता बोर्डावरूनच काढून ठेवलीये आणि वर चिकटपट्टी मारलीये, म्हणजे दुसरं कोणी चुकून काही खुपसायला नको. वेबकॅम मागे आहे, तोच जुना. ड्रॉवर दणकून बंद करतो.