साशिकोचा जपानी संच, गोधडी शिवणाऱ्यांसाठी

साशिको म्हणजे धावदोऱ्याने कापडावर नक्षी भरायची जपानी पद्धत. संचात रेघा छापलेलं गडद निळं सुती कापड, पांढऱ्या दोऱ्याची लडी आणि दोन सुया. सुयांना पैकीच्या पैकी: साधारण ५ सेंमी लांब, नेढं मोठं, टोक तीक्ष्ण. एका दमात पाच-सहा टाके चढतात. दोरा पिळाचा, बिनचमकेचा. तुळशीबागेतला सहा पदरी भरतकामाचा दोरा त्याऐवजी चालत नाही. पदर सुटतात, टाका चपटा पडतो.

गोधडीचा हात असेल तर धावदोरा नव्याने शिकायला नको, मोजमाप मात्र शिकावं लागतं. वरचा टाका ३ भाग, खालचा २. रेघा छेदतात तिथे मध्य मोकळा ठेवायचा, नाहीतर दोऱ्याचा गुंता दिसतो. कापड चुण्या धरतं ते दोरा ताणल्याने: सुई ओढली की लगेच अंगठ्याने टाके सपाट करा आणि वळणावर मागच्या बाजूला दोरा किंचित सैल सोडा.

छापील रेघा पाण्याने जातात. धुण्याआधी इस्त्री नकोच, रेघा पक्क्या बसू शकतात. पहिलं धुणं गार पाण्यात, वेगळं.

माहितीपत्रक निव्वळ जपानीत, आकृत्यांवर निभावतं. जुन्या लुगड्यांच्या चार-पाच थरांवर मात्र हा दोरा घालू नका, काठाच्या घट्ट विणीतून ओढताना तो पिंजतो.

कुणी तोक्योला निघालं असेल तर निप्पोरीच्या कापडबाजारातून नुसता दोरा आणि सुया मागवा. निळं सुती कापड लक्ष्मी रोडवर मीटरने मिळतंच की!