टू पिंप अ बटरफ्लाय: शफल बंद करा आणि पहिल्या गाण्यापासून ऐका

अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारच्या २०१५ मधल्या या अल्बममध्ये एक कविता आहे आणि ती तुकड्यातुकड्यात येते. किंग कुंटा संपताना जेमतेम सुरुवात ऐकू येते, की तुझ्या मनात द्वंद्व चाललं होतं, तुझ्या शब्दाला जे वजन होतं ते तू चुकीचं वापरत होतास. मग पुढच्या गाण्यानंतर अजून एक ओळ, मग अजून दोन, आणि जिथे कविता थांबते तिथूनच पुढचं गाणं सुरू होतं. उदा. दीज वॉल्सच्या शेवटी तो म्हणतो की मी हॉटेलच्या खोलीत किंचाळत होतो, आणि लगेच यू हे गाणं सुरू होतं ज्यात तो खरंच किंचाळतोय. म्हणून हा अल्बम शफलवर लावला की त्याचा कणाच मोडतो. १६ गाणी, जवळजवळ ८० मिनिटं, वेळ काढूनच बसायला लागतं.

आता मेन मुद्दा. या अल्बमवर लिहिताना लोक संदर्भांची यादी करतात, हे सॅम्पल (जुन्या गाण्यातून उचललेला तुकडा) इथलं, ते नाव त्या कादंबरीतलं, आणि यादी झाली की अर्थ कळला असं समजतात. मला वाटतं केंड्रिक ज्याच्याकडून काही घेतो त्याला तो सरळ खोलीत बोलावून बसवतो आणि विचारतो, मला पैसा मिळाला, नाव मिळालं, आता मी काय करू? सगळा अल्बम हा एकच प्रश्न आहे.

पहिलंच गाणं बघा, वेस्लीज थिअरी. सुरुवातीला जमैकाच्या बोरिस गार्डिनरचा जुना आवाज, प्रत्येक काळा माणूस तारा आहे असं सांगणारा. मग बीट पडते आणि जॉर्ज क्लिंटन येतो, पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक बँडवाला. ९०च्या दशकात रॅपर-निर्माता डॉ. ड्रेने लॉस एंजेलिसचा जो जी-फंक साउंड उभा केला तो बऱ्यापैकी क्लिंटनच्याच फंकवर उभा होता, आणि त्याच गाण्यात मध्येच ड्रेचा फोनवरचा आवाज येतो की मिळवणं सोपं असतं रे, टिकवणं अवघड. म्हणजे लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या या पोराचा, केंड्रिकचा, संगीतातला बाप आणि आजोबा दोघंही पहिल्या पाच मिनिटांत हजर! गाण्याच्या नावातला वेस्ली म्हणजे वेस्ली स्नाइप्स, टॅक्सच्या केसमध्ये जेलमध्ये गेलेला नट. पहिल्या कडव्यात नवा रॅपर काय काय विकत घेणार ते सांगतो, दुसऱ्यात अंकल सॅम, म्हणजे अमेरिकी सरकार, त्याच्याशी गोड बोलतो, घे रे घे, नंतर हिशोब करू. फ्लाइंग लोटस या निर्मात्याचं प्रॉडक्शन आणि थंडरकॅट या वादकाचा बेस गिटार इतका खेळकर आहे की यातली भीती लगेच जाणवतच नाही.

किंग कुंटा सगळ्यांना आवडतं कारण नाचता येतं. पण कुंटा किंटे हा अॅलेक्स हेलीच्या रूट्स या कादंबरीतला गुलाम, पळून जायचा प्रयत्न केला म्हणून त्याचं अर्धं पाऊल तोडतात, आणि केंड्रिक त्याच नावापुढे किंग लावून फंकचा गायक जेम्स ब्राउनच्या ठेक्यावर चालत येतो आणि म्हणतो आता सगळ्यांना माझे पाय तोडायचेत. यॅम या कंदाचा उल्लेख येतो तो राल्फ एलिसनच्या इन्व्हिजिबल मॅन या कादंबरीकडे बोट दाखवतो, ज्यात नायक हार्लेमच्या रस्त्यावर भाजलेला यॅम खातो आणि आपल्या दक्षिणेकडच्या गावठी असण्याची त्याची लाज तेवढ्यापुरती गळून पडते. हे माहीत नसलं तरी गाणं भारीच आहे पण माहीत असलं की त्या नाचाला वजन येतं. आणि अमेरिकेतली गुलामगिरी आपल्याला तशी परकी नाही, महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हे पुस्तक तिथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच अर्पण केलं होतं आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नाव अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेऊन. त्यामुळे मराठी वाचकाने हा अल्बम लांबून ऐकायची गरज नाही.

यू आणि ऑलराइट ही जोडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. यूमध्ये तो स्वतःलाच झापतो, मित्राला गोळी लागली तेव्हा तू हॉस्पिटलला गेला नाहीस, फेसटाइमवर नुसता व्हिडिओ कॉल केलास, लाखो लोकांना शहाणपण शिकवतोस आणि घरच्यांना नाही वाचवू शकलास. दुसऱ्या अर्ध्यात बाटल्यांचे आवाज, रडून घोगरा झालेला गळा, ऐकवत नाही अक्षरशः. आणि त्याला लागूनच ऑलराइट. हे गाणं २०१५ पासून ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर या काळ्या लोकांच्या चळवळीच्या मोर्च्यांमध्ये घोषणेसारखं म्हटलं गेलं, सगळं ठीक होईल. गायक-निर्माता फॅरेलचा तो हुक, म्हणजे परत परत येणारी ओळ, एकदा ऐकला की डोक्यातून जात नाही, पण कडवी ऐका, त्यात पोलिसांचा राग आहे, मरणाची भीती आहे, लूसी म्हणजे ल्यूसिफर, सैतान, तो पैशाचं आमिष दाखवत मागे लागलाय. सुरुवातीलाच अॅलिस वॉकरच्या द कलर पर्पल या कादंबरीतल्या सोफियाच्या बोलण्याची आठवण येते, आयुष्यभर मला भांडावंच लागलं असं म्हणणारी. म्हणजे इथे आशा आहे ती त्या हॉटेलच्या खोलीतून नुकत्याच उठून आलेल्या माणसाची. नुसतं ऑलराइट प्लेलिस्टमध्ये टाकून ऐकणाऱ्यांपर्यंत हे पोचत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

हाउ मच अ डॉलर कॉस्ट तर कीर्तनात ऐकलेल्या गोष्टीसारखं आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या पेट्रोल पंपावर एक भिकारी एक डॉलर मागतो, हा देत नाही, उलट त्याच्यावर चिडतो, आणि शेवटी तो भिकारी सांगतो की मी देव आहे. शेवटी पश्चात्ताप गातो रोनाल्ड आयझली, त्या काळात सत्तरी पार केलेला गायक, ज्याच्या दॅट लेडी या जुन्या गाण्यावर पुढचं आय हे गाणं उभं आहे. परत तेच बघा, ज्याची धून घ्यायची त्यालाच माफीची प्रार्थना गायला लावायची. ओबामांनी २०१५ मधलं आपलं आवडतं गाणं म्हणून हेच निवडलं होतं, आणि या अल्बमच्या कव्हरवर व्हाइट हाउससमोर उघड्या अंगाची काळी मुलं नोटा आणि बाटल्या हातात घेऊन उभी आहेत, त्यांच्या पायाशी एक न्यायाधीश आडवा पडलाय.

द ब्लॅकर द बेरीवर त्या वेळी खूप वाद झाला. नाव वॉलेस थर्मनच्या १९२९ च्या कादंबरीवरून, त्यात काळ्या समाजातच जास्त काळी म्हणून हिणवली जाणारी मुलगी आहे. गाणं गोऱ्यांच्या द्वेषावर तुटून पडतं आणि शेवटच्या ओळींत उलटतं, की ट्रेव्हॉन मार्टिन या गोळी घालून मारलेल्या निःशस्त्र काळ्या मुलासाठी रडणारा मी, गँगच्या नादात माझ्याहून काळ्या माणसाला मारतो, मग मी ढोंगी नाही का. अनेकांना हे काळ्या लोकांवरच दोष ढकलणं वाटलं. मला तसं वाटत नाही, कारण यू ऐकून इथपर्यंत आलेल्याला कळतं की हा माणूस स्वतःचाच हिशोब करतोय. पण एकटं सिंगल म्हणून ऐकलं तर तो आक्षेप मी समजू शकते.

शेवटच्या मॉर्टल मॅनमध्ये कविता पूर्ण होते आणि कळतं की हा इतका वेळ टुपाकला वाचून दाखवत होता. १९९६ मध्ये गेलेला रॅपर टुपाक, त्याच्या १९९४ च्या एका मुलाखतीतले तुकडे घेऊन मध्ये केंड्रिकने आपले प्रश्न बसवलेत, आणि संवाद इतका सहज वाटतो की अंगावर काटा येतो. लहानपणी केंड्रिकने कॉम्प्टनमध्ये टुपाक आणि ड्रेला व्हिडिओ शूट करताना वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं. ते पोरगं इथे विचारतंय की सुरवंट आणि फुलपाखरू यांचं तुला काय वाटतं, आणि टुपाककडून उत्तर येत नाही. मला हा शेवट प्रामाणिक वाटतो, मेलेल्या माणसाच्या तोंडी सोयीचं उत्तर घालणं सोपं होतं.

खटकलेलं पण सांगते. बायका या अल्बममध्ये बऱ्याचदा कशाचं तरी प्रतीक म्हणूनच येतात, फॉर फ्रीमधली कजाग बाई म्हणजे अमेरिका वगैरे, दीज वॉल्समध्ये तर एका बाईचं शरीर हे बदला घ्यायचं साधन होतं आणि तिचं म्हणणं काय ते आपल्याला कळतच नाही. अपवाद म्हणजे कॉम्प्लेक्शनमधलं रॅप्सडी या रॅपर बाईचं कडवं, रंगावरून आत्मविश्वास कसा खचतो आणि कसा परत येतो ते ती जे सांगते ते वधू पाहिजे गोरी अशा जाहिराती वाचत मोठ्या झालेल्या कुठल्याही मुलीला कळेल. यू एन्ट गॉटा लाय मला जरा ढिलं वाटतं, ते दोन वादळी गाण्यांच्या मध्ये विसरायला होतं.

मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, थंडरकॅटचा बेस आणि टेरेस मार्टिन, रॉबर्ट ग्लास्पर यांचं जॅझ सगळं गायब होतं, साधे पण चांगले हेडफोन घ्या आणि लिरिक्स समोर ठेवा. शिव्या भरपूर आहेत, घरात लहान मुलं असतील तर लक्षात ठेवा. पाचपैकी साडेचार. आणि वाद्यांचाच भाग जास्त आवडला तर यात सॅक्सोफोन वाजवणाऱ्या कमासी वॉशिंग्टनचा द एपिक ऐका, त्याच वर्षी मे महिन्यात आला, जवळजवळ तीन तासांचा आहे आणि थंडरकॅट त्यातही आहे.