रद्द, स्थगित की मागे? निर्णयाचा विरुद्धार्थी शब्द निवडताना

गोव्यात मराठीतून बातमी, ग्रामसभेचे इतिवृत्त किंवा अर्जाचा मसुदा लिहिणाऱ्याला निर्णय झाल्याचे लिहिणे जड जात नाही. तो निर्णय पुढे टिकला नाही हे लिहिताना मात्र चार-पाच शब्द समोर येतात आणि त्यांतला हाती लागेल तो वापरला जातो. अशा वेळी निर्णय कोणी मोडला आणि तो केव्हापासून मोडला, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

सर्वाधिक घोटाळा ‘स्थगिती’ आणि ‘रद्द’ यांत होतो. स्थगितीने आदेश नाहीसा होत नाही. स्थगिती असेपर्यंत त्याची अंमलबजावणी तेवढी थांबते. आदेश रद्दबातल ठरला, तर तो निघण्यापूर्वीची स्थिती परत येते. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये श्री चामुंडी मोपेड्स प्रकरणात स्पष्ट केला आहे. गोव्याच्या खाणभागातील वाचकाला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागू नये. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबवले आणि एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती बंदी उठवली. फेब्रुवारी २०१८ मध्ये मात्र ८८ खाणपट्ट्यांचे (खाणकामासाठी दिलेल्या भाडेपट्ट्यांचे) दुसरे नूतनीकरणच रद्द केले. ट्रक दोन्ही वेळा उभे राहिले, पण दुसऱ्या वेळी पट्ट्यांचा कायदेशीर आधारच गेला. त्यामुळे दोन्ही घटनांना सरसकट ‘खाणबंदी’ म्हणणे मला अपुरे वाटते.

‘मागे घेणे’ हा शब्द ज्याने निर्णय दिला त्याच्यासाठीच राखावा. गोव्याच्या जमीनवापराचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ (२०११ हे त्याचे लक्ष्यवर्ष) जनआंदोलनानंतर सरकारने २००७ मध्ये स्वतःच मागे घेतला. तो न्यायालयाने रद्द ठरवला, असे लिहिणे चूक होईल. म्हापशाच्या न्यायालयाचा निकाल अपिलात उलटला, तर वरच्या न्यायालयाने तो ‘फिरवला’ असे लिहावे. ‘कायम केला’ हा त्याचा विरुद्धार्थी. त्याच न्यायालयाला पुन्हा विचार करण्याची विनंती केली जाते, तो ‘फेरविचार’. २०१८ च्या खाण निकालावरील अशा याचिका २०२१ मध्ये फेटाळल्या गेल्या, म्हणजे निकाल होता तसाच राहिला.

फौजदारी प्रकरणांत अचूकपणा अधिकच हवा, कारण तेथे माणसाच्या अब्रूचा प्रश्न असतो. ‘दोषी ठरवले’ याच्या उलट ‘निर्दोष मुक्तता’, आणि ती खटला चालल्यावर होते. आरोप निश्चित होण्यापूर्वीच संशयिताला वगळले, तर ‘आरोपमुक्त’ लिहावे. नुसते ‘सुटका’ लिहिल्यास जामीन मिळालेला आणि निर्दोष ठरलेला एकाच रांगेत बसतात, म्हणून मथळ्यात जागा कमी असली तरी ‘जामिनावर’ हा शब्द गाळू नये.

निवेदनाबाबत निवड तुलनेने सोपी आहे. दुसऱ्याचे म्हणणे पुराव्यानिशी खोडून काढले तर ‘खंडन’, नुसते नाकारले तर ‘इन्कार’. साक्षीदाराने आधीचे म्हणणे बदलले तर त्याने साक्ष ‘फिरवली’.

आदेशाची प्रत अजून हाती आली नसेल आणि बातमी मात्र द्यायचीच असेल, तर ‘रद्द’ आणि ‘स्थगित’ हे दोन्ही शब्द टाळून ‘अंमलबजावणी थांबली’ एवढेच लिहावे आणि प्रत वाचल्यावर नेमका शब्द घालावा.