आमवातासाठी घरचं वॅक्स बाथ मशीन, आठ महिने वापरल्यानंतर

आईला २०१९ पासून आमवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. तिच्या हातांसाठी गेल्या नोव्हेंबरात वॅक्स बाथ मशीन घेतलं, मेण वितळवून त्यात हात बुडवायचे, फिजिओथेरपीवाल्यांकडे असतं ना तेच पण छोटं. घ्यायच्या आधी मी खूप शोधलं, मराठीत नीट लिहिलेलं काही सापडेना, म्हणून लिहितेय, जरा मोठं होईल.

पहिलं म्हणजे संधिवात हा एकच आजार नाही आणि मशीन कुणाला कितपत उपयोगी पडेल ते त्यावरच आहे. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, ती झीज, ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ती पातळ होत जाते आणि तिला रक्तपुरवठा नसल्यामुळे ती परत भरून येत नाही. त्यांना सकाळी दहा-पंधरा मिनिटं आखडल्यासारखं होतं, मग मोकळं होतं, आणि दिवसभर जिने चढउतार झाली की संध्याकाळी ठणका लागतो. आईचं वेगळंच. तिच्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उठलीय, ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू शेजारची कूर्चा आणि हाड खायला लागतं. दोन्ही हातांना सारखंच होतं, बोटं जिथे तळहाताला जोडलेली असतात ते सांधे, मधली पेरं आणि मनगटं, नखाजवळची पेरं मात्र ठीक. सुरुवातीला सगळे म्हणायचे वंगण संपलं असेल, तूप खा, पण अस्तर सुजलं की सांध्यात पाणी उलट जास्त होतं, कमी नाही.

सकाळचा दीड तास तिचा फार वाईट जायचा. बोटं मिटायचीच नाहीत, चहाचा कप कानाला धरता यायचा नाही म्हणून दोन्ही तळव्यांत धरून प्यायची, ब्लाउजचे हुक मी लावून द्यायचे. हे बघवत नव्हतं म्हणून मशीन घेतलं, सर्जिकलच्या दुकानातून, साडेचार हजाराला, मेण वेगळं.

वापरायचं असं. मेण साधं नाही, पॅराफिन मेण आणि लिक्विड पॅराफिन मिसळलेलं, साधारण सहा-सात भागाला एक भाग, म्हणजे ते कमी तापमानाला वितळतं. मेणबत्त्या वितळवून कृपा करून हात घालू नका, ते मेण जास्त गरम झाल्याशिवाय पातळ होत नाही आणि भाजतं. मशीन ५२-५४ डिग्रीला ठेवायचं. एवढ्या गरम पाण्यात हात ठेवता येणार नाही पण मेणात येतो कारण मेण उष्णता सावकाश सोडतं. हात स्वच्छ धुवून पूर्ण कोरडा करायचा, बोटं पसरून बुडवायचा आणि लगेच बाहेर काढायचा, चकाकणारा थर पांढुरका झाला की परत, असं ८-१० वेळा. मधे बोटं हलवायची नाहीत, थराला चीर गेली की आत गरम मेण शिरतं आणि चटका बसतो. मग प्लास्टिकची पिशवी, वर जुना टॉवेल, आणि १५-२० मिनिटं गप्प बसायचं. आई काचेच्या बांगड्या काढायला तयार नाही, मग आम्ही त्या कोपराकडे सरकवून रुमाल बांधतो.

आणि खरी गंमत मेण सोलल्यानंतरची आहे. हातमोजा निघावा तसं ते अख्खं निघतं आणि हात मऊ, लालसर, ऊबदार असतो, त्याच दहा मिनिटांत आई मूठ मिटणं उघडणं, एकेक बोट अंगठ्याला लावणं, टेबलावरून बोटं चालवणं असे फिजिओनं शिकवलेले व्यायाम करते. नुसतं मेण लावून बसलं तर फरक तासाभरात जातो, व्यायाम केला तर टिकतो, हे आम्ही दोन्ही करून बघितलंय. आता मशीन झाल्यावर आठच्या सुमारास ती कप कानाला धरून चहा पिते.

पण दुकानदारानं जे सांगितलं त्याचा मला अजून राग आहे. म्हणाला मशीन सुरू केलं की गोळ्या हळूहळू बंद होतात. हे साफ खोटं आहे. मेणानं आखडणं कमी होतं, आजार नाही, सांधा खाणारी सूज आतल्या आत चालूच राहते आणि ती थांबवायचं काम गोळ्यांचं आहे. आईला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते, रविवारी, सोबत डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी फोलिक अॅसिड आणि ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी. ही गोळी रोज घ्यायची नसते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आम्ही कॅलेंडरवर रविवारांना लाल गोल केलेत. असं ऐकून कुणी गोळ्या बंद केल्या तर काय होईल या विचारानंच मला त्रास होतो.

जानेवारीत आईची बोटं एकदम सुजली, लाल आणि हाताला गरम लागत होती, आम्ही तरीही मेण लावलं आणि ठणका वाढला. डॉक्टर म्हणाले गरम सुजलेल्या सांध्यावर शेक नकोच, तेव्हा आठवडाभर बंद ठेवलं. जखम असेल, किंवा शुगरमुळे हाताला नीट जाणवत नसेल तर विचारल्याशिवाय वापरू नका.

मशीनमध्ये कमी म्हणजे तळाची जाळी आलीच नव्हती, बोटं तापलेल्या पत्र्याला लागू शकतात, मी भांडून मागवली. तापमानाचं बटण अंदाजपंचे चालतं, वेगळा थर्मामीटर घ्याच. मेण वितळायला दोन अडीच तास लागतात म्हणून मी पाचला उठून बटण दाबते. मेणात धूळ, केस जमतात, आम्ही दोन-तीन महिन्यांनी सगळं काढून नवीन घालतो.

पाचपैकी चार स्टार देईन, हातांच्या आमवाताला. अंगठ्याच्या मुळाशी झीज होऊन दुखतं त्यांनाही चालेल. गुडघ्याला मात्र घेऊ नका, सासूबाईंच्या गुडघ्यांना ब्रशनं मेण लावून बघितलं, चादरीभर पसारा आणि त्यांना फार काही वाटलं नाही, त्यांना मांडीच्या स्नायूंचा व्यायामच लागू पडला, खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे मोजायचे, तोच त्या अजून करतात.