विक्रांतचं मॉडेल, 'नेव्हीतलं' गिऱ्हाईक आणि गेलेले ६७,५०० रुपये

स्वतःला नौदलातला म्हणवणाऱ्या एका ठगाने माझं बोटीचं मॉडेल विकत घेतो म्हणून मलाच लुटलं. आधी हिशोब. २४,००० + २४,००० + १९,५०० = ६७,५०० रुपये. त्याआधी 'ट्रायल' म्हणून माझ्याकडून ५ रुपये घेऊन त्याने १० परत पाठवले होते, म्हणजे निव्वळ ६७,४९५. तेवढा प्रामाणिकपणा त्याच्याकडे होता.

क्यूआर पाठवून लुटतात हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. म्हणून 'एवढं कसं कळलं नाही' हा प्रश्न कृपया विचारू नका, घरात रोज ऐकतोय.

शाळेत एअरफिक्स कंपनीच्या किटमधलं नॅट विमान जोडलं तेव्हापासून हा मॉडेलांचा नाद आहे. विकायला काढलेलं मॉडेल होतं १/३५० प्रमाणातली विक्रांत, म्हणजे आपली विमानवाहू नौका, १९७१ च्या युद्धातल्या रूपातली. लांबी ६१ सेंटीमीटर, किट नाही, सगळं स्टायरीनच्या (प्लास्टिकच्या) शीटमधून हाताने कापलेलं. डेकवर पंख मिटलेली सी हॉक लढाऊ विमानं, मागे आलिझे ही पाणबुडीविरोधी विमानं. जाहिरातीत किंमत लिहिली ४८,०००. खरं तर त्यात माझी मजुरीसुद्धा निघत नाही, पण घरात जागा नाही.

फोन आला. 'जय हिंद सर.' डीपीवर पांढरा गणवेश, मागून लष्करी कँटीन कार्डाचा फोटो. मॉडेल मेसमध्ये काचेच्या पेटीत ठेवायचं म्हणाला. घासाघीस शून्य. (घासाघीस न करणारं गिऱ्हाईक आलं की फोन ठेवा. आपल्या धंद्यात असं गिऱ्हाईक नसतं.)

आणि मग तो म्हणाला, "सर, स्की-जंप बहुत बढिया बना है. हॅरियर भी एकदम असली लगते हैं."

स्की-जंप म्हणजे विमान उडवायला डेकच्या पुढच्या टोकाला केलेला वर वळलेला उतार. माझ्या मॉडेलला ती नाही. १९७१ च्या विक्रांतला ती नव्हतीच. पुढचा डेक सपाट, त्यावर विमान पुढे फेकणारं वाफेचं कॅटापुल्ट. सी हॅरियर ही जेट विमानं आपल्याकडे आली १९८३ अखेरीस, स्की-जंप त्यांच्यासाठी नंतर बसवली. १९७१ च्या युद्धात चित्तगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ल्याला गेली ती सी हॉक. नौदलातला माणूस, विक्रांत विकत घेतोय आणि त्याला हे माहीत नाही? तिथेच फोन आपटायला हवा होता. पण आयुष्यभर ज्या विषयावर घरात कोणी दोन मिनिटं ऐकून घेतलं नाही, त्यावर समोरचा "अच्छा सर, अच्छा सर" करत ऐकत होता. मी त्याला विक्रांतच्या बॉयलरला गेलेल्या तड्यापर्यंत सगळं सांगितलं. त्याची चूक मी सुधारली, त्याला मात्र ओळखलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. 'डिफेन्सचं पेमेंट वेगळ्या पद्धतीने होतं', अर्धा अ‍ॅडव्हान्स, कोड स्कॅन, पिन. २४,००० कापले गेले. 'सर, उलटं झालं, परत एकदा करा, दोन्ही एकदम जमा होतील.' पुन्हा २४,०००. मग अडकलेली रक्कम सोडवायला १९,५००. फोन सतत चालू, मागे कोणीतरी 'साब' 'साब' करतंय, विचार करायला उसंतच नाही. पाच रुपयांचे दहा झालेले डोळ्यांनी पाहिल्यावर कोणीही पुढे गेलं असतं.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. हे आरशावर चिकटवा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. तुम्हीही पहिला फोन तिथेच करा, बायकोला नंतर. खरा तमाशा पुढे. पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरला जा. सायबरला म्हणाले रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. ठाण्यातल्या हवालदारांनी फोटो पाहिला आणि शेजारच्याला हाक मारली, "अहो, हे बघा, खेळण्यातल्या बोटीचे अठ्ठेचाळीस हजार!" अर्जावर वस्तूचं नाव लिहिलं 'खेळणे'. मी 'प्रतिकृती' लिहा म्हटलं तर म्हणे, काय फरक पडतो? पैसे माझे गेले, चौकशीही माझीच: एवढी किंमत कशी, बिल कुठंय, धंद्याचा परवाना आहे का.

बँक त्याहून वरचढ. पिन तुम्ही टाकलात, जबाबदारी तुमची. हे सांगायला साहेबांना तीन आठवडे लागले. कुठल्याशा खात्यात ११,२०० रुपये गोठवलेत असं कळलं, तर ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा. वकिलाने फी सांगितली १०,०००!

मेसेज, कॉल, क्यूआरचे फोटो काहीही पुसू नका. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक लिहून ठेवा, सगळे तोच मागतात. सरकारी खात्याला मॉडेल हवं असेल तर लेखी ऑर्डर येते, व्हॉट्सअ‍ॅपवर कोड येत नाही.

आणि हे लिहायचं मुख्य कारण आता. नाशिकच्या एका मॉडेलवाल्याचा परवा फोन आला. माझेच फोटो वापरून कोणीतरी विक्रांत ३०,००० ला विकतोय, अ‍ॅडव्हान्स ५,०००. विक्रांत माझ्या कपाटावर आहे, विकायची नाही. कोणी देऊ केली तर शेजारी आजचा पेपर ठेवून फोटो मागा, आणि स्की-जंपबद्दल विचारा.