मृत्युपत्र, बक्षीसपत्र की हयातीत खातेफोड: शेती आणि लहान कारखाना असलेल्या घराने काय निवडावे?

शेती आणि तिच्या जोडीला एखादा लहान उद्योग असलेल्या घराने पुढच्या पिढीची व्यवस्था लावायची ठरवली, की आपल्या सोलापूर जिल्ह्यात बहुधा तीन मार्ग समोर येतात. पहिला नोंदणीकृत मृत्युपत्राचा, दुसरा हयातीतच मुलांच्या नावे बक्षीसपत्र करण्याचा आणि तिसरा जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून खातेफोड करण्याचा, म्हणजे सामाईक खाते फोडून प्रत्येकाच्या नावे वेगळे करण्याचा. माझी मोहोळ तालुक्यात आजोबांपासून चालत आलेली बागायत जमीन आहे आणि सोलापुरात औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणारा छोटा यंत्रमाग कारखाना आहे, त्यामुळे हे तिन्ही मार्ग मला कागदोपत्री तपासून पाहावे लागले. कौटुंबिक ट्रस्ट करण्याचाही सल्ला मिळाला होता. परंतु त्याचे हिशेब, विश्वस्त आणि खर्च आमच्या आकाराच्या घराला पेलण्याजोगे नाहीत असे वाटल्याने तो विचार मी पुढे नेला नाही.

मृत्युपत्राच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात आणि मन बदलले तर ते केव्हाही रद्द करता येते. मुंबईतील मालमत्तेबाबत प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, जी चिंता ऐकू येत असे, ती सोलापूरच्या मालमत्तेला लागू नव्हती. मालकी शेवटच्या श्वासापर्यंत आपल्याच हाती राहते, आणि उतारवयात त्याचे मोल किती असते हे वेगळे सांगायला नको. वडिलोपार्जित जमिनीत मात्र हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे आपल्याला केवळ आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते. जमिनीचा संपूर्ण गट थोरल्याच्या नावे लिहून ठेवलेली मृत्युपत्रे आपल्याकडे सर्रास दिसतात आणि ती बहुधा दिवाणी न्यायालयाच्या पायरीवर जाऊन थांबतात.

तरीही जमिनीसाठी मी मृत्युपत्रावर विसंबलो नाही, आणि त्याचे कारण भांडण हे नव्हते. वडिलांनी आपल्या हिश्श्याचे नोंदणीकृत मृत्युपत्र केले होते, त्यात आई आणि आम्ही दोघे भाऊ अशा तिघांना समसमान हिस्सा दिला होता, आणि ते कोणालाही अमान्य नव्हते. फेरफार, म्हणजे मालकी बदलाची महसुली नोंद, विनातक्रार मंजूर झाला. अडचण त्यानंतर सुरू झाली, कारण सातबारा सामाईक राहिला. पीककर्जाचे नूतनीकरण करायचे तर सर्व खातेदारांच्या सह्या, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज करायचा तर इतरांचे संमतीपत्र, शेततळ्याला तेच, विहिरीवरची वीजजोडणी वाढवून घ्यायची तरी तेच. भाऊ पुण्यात नोकरीला. तो कधीही नाही म्हणाला नाही, परंतु त्याला सुट्टी मिळेपर्यंत हंगाम थांबत नसे. मुखत्यारपत्र करून पाहिले, तर एका ठिकाणी ते चालले आणि दुसऱ्या ठिकाणी ‘खातेदार स्वतः हवेत’ असे सांगण्यात आले. आईला गुडघ्याच्या दुखण्यात केवळ अंगठा देण्यासाठी तालुक्याला न्यावे लागे, हे मला सर्वांत जास्त लागले. घरात पूर्ण एकोपा असूनही कागद माणसाला इतका जखडून ठेवू शकतो, हे तेव्हा समजले, आणि तेव्हापासून वारसा-नियोजनाचा कोणताही कागद मी एकाच प्रश्नावर पारखतो: ज्याच्या वाट्याला जमीन गेली, त्याला आपल्या एकट्याच्या सहीवर गावच्या पतपुरवठा सोसायटीचे कर्ज उचलता येईल का?

यावर असे सांगितले जाते की मृत्युपत्रातच चतुःसीमा घालून कोणाला कोणता तुकडा ते लिहून ठेवावे. तसे लिहिता येते आणि ते लिहिलेले नसण्यापेक्षा बरेच चांगले. मात्र गट एकच असेल, तर मृत्युपत्रातील रेषेला स्वतंत्र सातबारा आपोआप मिळत नाही; मोजणी, पोटहिस्सा आणि वाटप हे सगळे वारसांना मागाहून एकत्र येऊन करावेच लागते, आणि त्या वेळी ज्याच्या शब्दावर सगळे गप्प बसतात तो माणूस हयात नसतो. त्यातच फेरफाराची नोटीस निघाल्यावर एखाद्याने हरकत घेतली, तर नोंद तक्रारी होऊन मंडळ अधिकाऱ्यांसमोर सुनावणी, मग प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, असा प्रवास लांबतो.

बक्षीसपत्राची गोष्ट वेगळी आहे आणि ते अनेकांना, विशेषतः स्वकष्टार्जित जमीन असलेल्यांना, खरोखर उपयोगी पडते. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना निवासी अथवा शेतीची मिळकत बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. स्थानिक संस्थेचा अधिभार लागतो का, ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्यावे. पंढरपूर तालुक्यातील माझ्या एका द्राक्ष बागायतदार मित्राने हाच मार्ग घेतला आणि तो समाधानी आहे. मला त्यात खटकले ते एवढेच, की दिलेले परत घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा, म्हणजे सांभाळ न झाल्यास बक्षीस रद्द करून घेण्याचा, आधार आहे खरा, परंतु तो मिळण्यासाठी पालनपोषणाची अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असणे हिताचे, आणि ‘मुलांवर विश्वास नाही का?’ या एका वाक्यापुढे ती अट लिहिण्याचे धैर्य फार थोड्या बापांना होते. माझ्या मित्राने ती लिहिली, म्हणूनच त्याचे समाधान मला खरे वाटते.

आता तिसरा मार्ग, ज्याकडे माझा कल आहे. जमीन वडिलोपार्जित असेल आणि सर्व सहहिस्सेदार संमत असतील, तर तहसीलदारांच्या आदेशाने वाटप होते, फेरफार पडतो आणि प्रत्येकाचा सातबारा स्वतंत्र होतो. नोंदणीकृत वाटणीपत्र करायचे तरी शेतजमिनीसाठी मुद्रांक १०० रुपयांचा आहे, आणि नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. आम्ही आधी भावाबरोबरचे वाटप उरकले आणि मग माझ्या घरातले. या दुसऱ्या वाटपात मी, पत्नी, मुलगा आणि मुलगी असे चार हिस्से झाले. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मतः सहदायाद आहे, आणि वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत, तिचा हक्क कायम राहतो हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. तरीही आपल्या भागात मुलीकडून राखीपौर्णिमेच्या आसपास हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आहे, आणि ती मला अत्यंत दुःखद वाटते. ज्या मुलीला सोडायचे असेल तिने आपला सातबारा हातात आल्यानंतर सोडावा. आधी तिचा हिस्सा मोजून तिला दाखवावा, एवढे तरी बापाने करावे. माझ्या मुलीने तिचा हिस्सा ठेवला आहे आणि तो भावालाच ठोक्याने कसायला दिला आहे.

या मार्गाला मर्यादा आहेत. तुकडेबंदीमुळे बागायतीत १० गुंठ्यांपेक्षा आणि जिरायतीत २० गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही, त्यामुळे मुळात थोडी जमीन आणि हिस्सेदार अनेक असतील तर हा मार्ग खुंटतो. सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल, तर तो कोणाच्या हिश्श्यावर राहणार ते आधी ठरवावे लागते. पीएम किसानसारख्या योजनेत जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असण्याची अट आहे आणि मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीला तिच्यातून सूट आहे. हा मुद्दा प्रामाणिकपणे मृत्युपत्राच्या पारड्यात टाकायला हवा.

सर्वांत अधिक काळजी मात्र पाण्याची आणि वाटेची घ्यावी लागते. जमिनीची वाटणी मोजणीने होते. विहिरीची होत नाही. आमच्या अर्जासोबतच्या तक्त्यात विहीर सामाईक ठेवून कोणाची पाळी किती दिवसांची, विजेचे बिल कोणत्या प्रमाणात, मोटार जळाली तर दुरुस्ती कोणाकडे, पाइपलाइन कोणाच्या बांधावरून जाणार आणि उन्हाळ्यात पाणी आटल्यावर पाळ्या कशा कमी करायच्या, हे सगळे आम्ही लिहून घेतले. मागच्या हिश्श्याला बैलगाडीची नव्हे, उसाच्या ट्रॉलीची रुंदी असलेली वाट नकाशावर दाखवून घेतली. तलाठी कार्यालयात याचा आग्रह कोणी धरत नाही, तो आपणच धरावा लागतो, आणि खातेफोडीनंतर होणारे बहुतेक तंटे मी पाहिले ते याच दोन गोष्टींवरून झालेले होते.

कारखान्याला मात्र हा मार्ग लागू नाही आणि बक्षीसपत्राची २०० रुपयांची सवलतही नाही. ती निवासी व शेतीच्या मिळकतीपुरतीच आहे. शिवाय औद्योगिक वसाहतीतील भूखंड भाडेपट्ट्याचा असतो, त्यामुळे हस्तांतरासाठी औद्योगिक विकास महामंडळाची परवानगी वेगळी. एकल मालकीचा धंदा मालकाबरोबर संपतो, वारसाला जीएसटी क्रमांक नवा घ्यावा लागतो आणि शिल्लक क्रेडिट (खरेदीवर आधी भरलेल्या कराची वजावट) स्वतंत्र अर्जाने वळवावे लागते. सुताचे देणे-घेणे मात्र त्या काळात थांबत नाही. म्हणून मी हयातीतच भागीदारी केली. १९३२ च्या भागीदारी अधिनियमाच्या कलम ४२ प्रमाणे करारात वेगळे ठरलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते, म्हणून पुढे चालू राहण्याची अट आपण लिहितो. परंतु बाप आणि मुलगा असे दोनच भागीदार असतील तर ती अट निरुपयोगी ठरते, कारण एका माणसाची भागीदारी असू शकत नाही. तिसरे नाव असावे. आमच्याकडे ते पत्नीचे आहे.

माझ्या वाट्याला राहिलेली जमीन, कारखान्याच्या शेडमधील हक्क आणि ठेवी यांसाठी मी मृत्युपत्रच केले आहे, आणि ते नोंदवले आहे. ठेवींवर नॉमिनी लावला म्हणून तो मालक होत नाही, वारसांचा हक्क त्याहून वरचढ राहतो, त्यामुळे नॉमिनीचे नाव आणि मृत्युपत्रातले नाव एकच ठेवले. ज्यांची जमीन पूर्णतः स्वकष्टार्जित आहे, मूल एकच आहे किंवा मुलांपैकी कोणी संमती देण्याच्या मनःस्थितीत नाही, त्यांनी मृत्युपत्रच करावे असे मीही म्हणेन. इतरांनी मात्र निदान मोजणीपर्यंत तरी हयातीत जाऊन पाहावे. उभ्या उसात मोजणीदाराला नीट मोजणी करता येत नाही, तेव्हा अर्ज अशा बेताने करावा की तोड झाल्यावर आणि खोडव्याला पाणी सुटण्याआधी तारीख पडेल, आणि त्या दिवशी सगळी भावंडे बांधावर हजर असतील.