ब्युटिरेट की ॲसिटेट: आतड्याच्या श्लेष्मस्तराला कोण सांभाळतं?

मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतुमय पदार्थ आंबवतात, त्यातून ॲसिटेट, प्रोपियोनेट आणि ब्युटिरेट ही छोट्या साखळीची मेदाम्लं साधारण ६०:२०:२० या प्रमाणात तयार होतात. आतड्याच्या आतून असलेल्या चिकट, संरक्षक थराला, म्हणजे श्लेष्मस्तराला, त्यांतलं कोण सांभाळतं हा प्रश्न आहे. सर्वाधिक असतं ॲसिटेट, पण कौतुक ब्युटिरेटच्या वाट्याला येतं.

ते अनाठायी नाही. आतड्याच्या अस्तरपेशींना लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग ब्युटिरेट जाळून मिळतो. त्यात ऑक्सिजन खर्च होतो आणि पोकळीत ऑक्सिजन कमी राहतो. हितकारक जिवाणूंना तेच मानवतं. शिवाय कोणती जनुकं चालू राहतात आणि कोणती बंद, हेही ब्युटिरेट बदलतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये ब्युटिरेटच्या अल्प मात्रेने श्लेष्माचं मुख्य प्रथिन, एमयूसी२, जास्त बनतं. मात्रा फार वाढली की परिणाम उलटतो. मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हा समज इथे टिकत नाही.

ॲसिटेट बरंचसं रक्तात मिसळून यकृताकडे आणि स्नायूंकडे जातं. तरी त्याला दुय्यम समजू नये. जंतुरहित वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात ॲसिटेट बनवणारा ‘बॅक्टेरॉइड्स थीटायोटाओमायक्रॉन’ हा जिवाणू सोडला, तेव्हा श्लेष्मा स्रवणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढल्या. जोडीला ॲसिटेट वापरून ब्युटिरेट बनवणारा ‘फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी’ आला आणि ती वाढ आटोक्यात राहिली.

म्हणून मी एकाची निवड करणार नाही. दोन्हींचा कच्चा माल एकच, तंतुमय पदार्थ. तो मिळेनासा झाला की काही जिवाणू श्लेष्मस्तरच खायला लागतात.